दिवाळीत लावा, शिवरात्रीला काढा : दाराशी पोत्यातला बटाटा

महाशिवरात्र जवळ आली, की घरोघरी बटाट्याची आठवण होते. साबुदाणा, भगर, रताळी आणि बटाटा यांवाचून आपल्याकडचा उपवास पार पडत नाही. हा बटाटा आपण बाजारातून पिशवी भरून आणतो. पण वाचकहो, तुमच्या दाराशी, हौदाजवळ किंवा गोठ्याच्या कडेला चार हात मोकळी जागा असेल, तिथे दिवसाचे सहा तास ऊन पडत असेल आणि घरात खताची दोन-चार रिकामी पोती असतील, तर त्या दिवशीचा बटाटा तुमच्या घरचा असू शकतो. दिवाळीच्या सुमारास लावायचा आणि शिवरात्रीच्या सुमारास काढायचा. एवढा हिशेब लक्षात राहिला, तरी अर्धे काम झाले.

‘पोत्यात कधी बटाटा येतो का?’ असे कोणी म्हणेल. आमच्या आत्याबाईही हेच म्हणाल्या होत्या. आणि खरे सांगायचे, तर पहिल्या वर्षी त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

झाले असे, की फेब्रुवारी संपता संपता टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आलेले दिसले. टाकून कशाला द्यायचे, म्हणून मी चार पोती भरली. पीक चांगले यावे म्हणून माती थोडी आणि शेणखत मात्र भरपूर घातले. वर मूठभर युरियाही टाकला. झाडे अशी माजली, की येणारा-जाणारा थांबून बघे. मे महिन्यात मोठ्या हौसेने पोती उपडी केली. आत काय? पोरांच्या खेळण्यातल्या गोट्यांएवढे बटाटे! वरच्या अंगाला पाच-सहा जरा बरे होते, पण ते हिरवेगार पडलेले. आत्याबाई म्हणाल्या, “अगं, एवढं शेणखत वांग्यांना घातलं असतंस, तर दोन महिने घरात भाजी पुरली असती.”

मी ते हिरवे बटाटे उकिरड्यावर टाकायला निघाले, तशा त्यांनी माझ्या हातातून टोपली घेतली. त्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिलेला. अन्न टाकणे त्यांच्या स्वभावात नाही. “साल काढून उकडलं, की काही होत नाही,” असे त्या म्हणू लागल्या. त्यांना नको म्हणताना माझा जीव तुटला, पण नको म्हणावेच लागले. ते का, हे पुढे सांगते. त्या एका टोपलीने मला जे शिकवले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते आहे. माझ्या चुका तुम्ही करू नयेत, एवढाच हेतू.

बटाट्याला रात्रीची थंडी हवी

बटाटा मूळचा आपला नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंड हवेतले हे पीक. पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले. ‘बटाटा’ हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला. माहेर थंड प्रदेशातले, त्यामुळे त्याची सवय अजून सुटलेली नाही.

आपण खातो तो बटाटा म्हणजे मूळ नव्हे. ते जमिनीत वाढणारे, फुगलेले खोड आहे. म्हणून तर त्याला डोळे असतात आणि डोळ्यांतून कोंब फुटतात. पाने दिवसा उन्हात अन्न तयार करतात. रात्र थंड असली, की त्यातला शिलकी भाग खाली उतरून जमिनीतल्या फांद्यांच्या टोकाशी साठतो. रात्रीचे तापमान १७ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असले, की बटाटा चांगला पोसतो. रात्री त्याहून उबदार झाल्या, की झाड ते अन्न स्वतःच्या वाढीतच खर्च करते. वर पाला वाढतो आणि खाली काही राहत नाही.

माझी फेब्रुवारीची लावण नेमकी बटाटे धरायच्या वेळी चैत्रातल्या उन्हाळ्यात सापडली. त्यात युरियाने पाल्याला आणखी जोर आला. दोष पोत्याचा नव्हता, पंचांगाचा होता.

घाटावर, म्हणजे पुणे, सातारा, नगर, नाशिक आणि मराठवाड्याच्या भागात, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावण करावी. पावसाळ्यातही बटाटा होतो, हे आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. ते पठार उंचावर आहे, पावसाळी हवा थंड असते, आणि तिथल्या लोकांचा हात त्या पिकावर बसलेला आहे. आपण पावसाळ्यात दाराशी पोती भरली, तर बेणे कुजण्याची भीती जास्त. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ रात्री पुरेशा थंड होत नाहीत. तिथल्या भगिनींनी रताळी, कणगी किंवा कोनफळ लावावे. त्यांना ती हवा मानवते आणि उपवासालाही ती चालतात.

पोते की गादीवाफा?

शहरात ग्रो बॅग म्हणून जाड कापडाच्या किंवा प्लास्टिकच्या तयार पिशव्या विकत मिळतात. शेतकऱ्याच्या घरी त्या विकत आणायची गरज नाही. खताची विणलेली गोणी स्वच्छ धुऊन घेतली, की काम होते. गोणपाटाचे पोतेही चालते. त्यातून हवा चांगली खेळते, पण ओलाव्याने ते एका हंगामात कुजते. कीटकनाशकाच्या पिशव्या किंवा डबे मात्र कितीही धुतले तरी वापरू नका.

गोणीच्या तळाला आणि तळापासून दोन बोटे वर चहूबाजूंनी दाभणाने भोके पाडा. दहा-बारा भोके तरी हवीत. पोते थेट जमिनीवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. जागा आधी ठरवा. ओल्या मातीने भरलेले पोते एकट्या बाईला हलत नाही.

अंगणात मातीची जागा असेल, तर मी गादीवाफाच करा म्हणेन. तीन फूट रुंद, एक फूट उंच आणि जागा असेल तेवढा लांब. कडेला विटा, दगड किंवा बांबू लावून माती धरून ठेवायची. तीन फुटांपेक्षा रुंद केला, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचत नाही आणि आत पाय द्यावा लागतो. पाय पडला, की माती दबते. दबलेल्या मातीत बटाटा वेडावाकडा होतो. गादीवाफ्यात माती लवकर तापत नाही आणि ओल टिकते, म्हणून पोत्यापेक्षा पीक जास्त भरवशाचे येते. पोते हे ज्यांच्या दाराशी फरशी आहे, खडक आहे, किंवा ज्यांची स्वतःची गुंठाभरही जमीन नाही त्यांच्यासाठी.

दोन्हीकडे माती एकच. दोन घमेली पोयट्याची किंवा तांबूस माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि एक घमेले वाळू किंवा भाताचे तूस. तुमच्याकडे काळी चिकण माती असेल, तर वाळूचे प्रमाण वाढवा. शेणखत हातात घेतले तर चहाच्या पत्तीसारखे मोकळे हवे आणि त्याला शेणाचा वास नको. कच्च्या शेणखताने बटाट्याची साल खरबरीत होते. युरियाची मूठ घालू नका. ती चूक मी तुमच्या वाटची करून ठेवली आहे.

आणखी एक सांगणे. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही सगळी एकाच कुळातली भावंडे. एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते. मागच्या वर्षी टोमॅटो किंवा वांगी होती तिथली माती पोत्यात भरू नका.

बेणे कोणते घ्यावे?

टोपलीतला कोंब आलेला बटाटा लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण खाण्याचा बटाटा हे बेणे नव्हे. त्याची जात कोणती, तो कोणत्या रानातून आला, त्यात कोणता रोग दडला आहे, हे आपल्याला कळत नाही. शिवाय साठवणीतल्या काही बटाट्यांना कोंब येऊ नये म्हणून औषध दिलेले असते. ते उगवायला कुरकुर करतात.

पंजाबातून येणारे बेणे लावणीच्या दिवसांत मंचरसारख्या बाजारात येते. त्याचे अख्खे पोते घेणे एका घराला परवडणारे नाही. गावात बटाटा लावणारा शेतकरी असेल, तर त्याच्याकडून किलोभर बेणे मागून घ्या, किंवा पाच-सहा घरे मिळून घ्या. जातींची नावे ‘कुफरी’ने सुरू होतात. कुफरी हे सिमल्याजवळचे ठिकाण. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या जातींना ते नाव लावतात. कुफरी ज्योती ही १९६८ सालची जुनी, ओळखीची जात. कुफरी पुखराज १९९८ची. तिचे बटाटे लवकर पोसतात. कुफरी सूर्या २००६ची. रात्री थोड्या उबदार असल्या तरी ती तग धरते. आणि पठारी भागासाठी १९७२मध्ये काढलेल्या एका लवकर येणाऱ्या जातीचे नाव काय, माहीत आहे? कुफरी लवकर! आपल्याच मराठीतला शब्द. बाजारात यांतली जी जात खात्रीची मिळेल, ती घ्या.

बेणे लहान अंड्याएवढे, ४० ग्रॅमच्या आसपास असावे. तेवढे असेल तर कापू नका, अख्खेच लावा. मोठे असेल तर उभे कापा. प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे हवेत. प्रत्येक बटाट्यानंतर विळी उकळत्या पाण्यात बुडवून घ्या. कापल्यावर आत तपकिरी कडे बांगडीसारखे दिसले, तर तो बटाटा लावू नका. तो बांगडी रोग, आणि विळीबरोबर तो पुढच्या फोडीत जातो. कापलेल्या फोडी सावलीत, ओलसर गोणपाटाखाली दोन-तीन दिवस ठेवा. जखम सुकून वर पापुद्रा धरला, की मगच लावा.

शीतगृहातले बेणे असेल, तर लावणीपूर्वी आठ-दहा दिवस घरात उजेड आहे पण ऊन नाही अशा जागी पसरून ठेवा. आखूड, जाड कोंब फुटले, की समजा बेणे तयार झाले.

लावण आणि मातीची भर

पोत्याच्या कडा बाहेरून गुंडाळत अर्ध्यापर्यंत खाली आणा. तळाशी वीतभर माती भरा. त्यावर तीन बेणी, कोंब वर करून, एकमेकांपासून दूर ठेवा. तीनच. जास्त ठेवली, तर बटाटे जास्त येत नाहीत, लहान येतात. वर चार बोटे माती घालून पाणी द्या. गादीवाफ्यात दोन बेण्यांमध्ये एक फूट आणि दोन ओळींमध्ये दीड फूट अंतर ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. झाड वीतभर झाले, की शेंड्याची पाने उघडी ठेवून भोवती चार बोटे मातीची भर द्या आणि पोत्याची कड तेवढी उलगडा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा भर द्या. तेवढे पुरे.

काही लोक सांगतात, की पोते जितके उंच कराल, तितके मजल्यावर मजले बटाटे लागतील. त्यावर विश्वास ठेवू नका. बटाटे बेण्याच्या वरच्या थोड्या भागातच धरतात. भर घालायची ती मजले वाढवण्यासाठी नव्हे. पोसणारा बटाटा अंधारात आणि गारव्यात राहावा, म्हणून घालायची.

आता त्या हिरव्या बटाट्यांची गोष्ट. बटाट्याला उजेड लागला, की तो हिरवा होतो आणि त्याच वेळी त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते. उकडल्याने किंवा तळल्याने ते जात नाही. पोटात कळा येणे, उलट्या आणि जुलाब होणे हे त्याचे परिणाम, आणि लहान मुलांना ते जास्त बाधते. कोठे बोटभर हिरवा डाग असेल, तर जाड काप काढून टाकता येतो. पण बटाटा बराचसा हिरवा असेल किंवा कडू लागत असेल, तर तो अन्न नव्हे. हे सांगितल्यावर आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग मातीनं झाकायचा होतास की गं!” त्यांचे बरोबर होते. दोन घमेली माती वेळेवर पडली असती, तर टोपली टाकायची वेळ आली नसती.

बटाट्याचा हिरवा पाला आणि फुलानंतर येणारी छोटी, टोमॅटोसारखी फळेही विषारीच. पाला शेळ्या-गुरांपुढे टाकू नका आणि मुलांना फळे तोंडात घालू देऊ नका.

पाणी बोटाने ओळखा

पोते चहूबाजूंनी सुकते, त्यामुळे शेतापेक्षा त्याला पाणी लवकर लागते. पण ‘रोज एक तांब्या’ असा नेम धरू नका. मातीत बोट दोन पेरे घाला. कोरडे लागले, तर तळातून थेंब येईपर्यंत पाणी द्या. ओल लागली, तर त्या दिवशी राहू द्या. लावणीनंतर महिन्याने बटाटे धरू लागतात. तेव्हापासून दोन महिने होईपर्यंत ओढ बसू देऊ नका. आधी कोरडे ठेवून मग एकदम भिजवले, तर बटाटे तडकतात किंवा त्यांना गाठी येतात. वर उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत पसरले, तर पाणी वाचते आणि माती गार राहते.

दुखणे घरापुरते राहत नाही

हा भाग शेतकऱ्याच्या घराने नीट वाचावा. पोत्यातले पीक गेले, तर दोन किलो बटाट्यांचे नुकसान. पण त्याचा रोग शेतात गेला, तर वर्षाची कमाई जाऊ शकते.

जानेवारीत ढगाळ, धुक्याची हवा पडली, की पाने रोज उलटून पाहा. पानांवर पाणी शोषल्यासारखे काळपट डाग आणि सकाळी खालच्या बाजूने पांढरी बुरशी दिसली, तर तो करपा. १८४५ साली याच रोगाने आयर्लंडमधले बटाट्याचे पीक नासले. पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे दहा लाख माणसे दगावली. वाऱ्याबरोबर तो एका रानातून दुसऱ्या रानात जातो. दोन-चार पोत्यांसाठी औषधाचा पंप काढत बसू नका. रोगट झाड मुळासकट उपटून लांब खोल खड्ड्यात पुरा. शेजारच्याचा बटाटा असेल, तर त्यालाही लगेच सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.

झाड हिरवे असतानाच एकाएकी कोमेजले आणि पाणी घालूनही उठले नाही, तर बांगडीचा संशय घ्या. ते पोते मातीसकट बाजूला काढा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सडका बटाटा, रोगट पाला किंवा ती माती उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचे खत होते, खत गाडीतून शेतात जाते, आणि घरचे दुखणे आपल्याच हाताने रानभर पसरते. बांगडीचे जंतू मातीत दीर्घकाळ राहतात. मी त्या पहिल्या वर्षी टोपली घेऊन उकिरड्याकडेच निघाले होते! बाजारचे, बिनओळखीचे बटाटे होते ते. आत्याबाईंनी टोपली धरली, ती अन्न वाचवायला. वाचले मात्र रान.

काढणी आणि साठवण

नव्वद ते शंभर दिवसांनी पाने पिवळी पडू लागतात. मग पाणी बंद करा. आठ-दहा दिवसांनी पाला मातीलगत कापून टाका आणि आणखी आठवडाभर बटाटे तसेच मातीत राहू द्या. त्याने साल पक्की होते. अंगठ्याने घासून साल सुटली नाही, की काढणीची वेळ झाली. पोते ताडपत्रीवर उपडे करा. हे काम मुलांना द्या. मातीतून एकेक बटाटा निघताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

बटाटे धुऊ नका. सावलीत सुकवा. कापलेले आणि मार लागलेले आधी खा. बाकीचे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. खेड-मंचर भागात झाडाच्या सावलीत बटाट्याचा ढीग रचून तो गवताने झाकतात, त्याला आरण म्हणतात. आपल्या पाच-दहा किलोंना टोपलीची आरण पुरे. खाली-वर घाणेरीचा वाळलेला पाला घाला. बटाट्याच्या डोळ्यांवर अंडी घालणारी पाकोळी त्याने दूर राहते.

रिकाम्या मातीत लगेच मेथी किंवा चवळी टाका. पुन्हा बटाट्यासाठी मात्र दोन-तीन वर्षे ती माती वापरू नका.

हिशेब खरा सांगावा

दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या पाडव्याला सहा पोती भरली. बेणे पाऊण किलो लागले. शिवरात्रीच्या आधी काढणी केली, तेव्हा साडेसात किलो बटाटे निघाले. म्हणजे पोत्यामागे सव्वा किलो. एवढ्यात वर्षाचे भागत नाही, हे मी लपवत नाही. त्या दिवसांत बाजारातही नवा बटाटा येतो आणि भाव उतरलेला असतो. पिशव्या, माती आणि खत सगळे विकत आणाल, तर घरचा बटाटा महागच पडेल. पोती घरची, खत गोठ्यातले आणि बेणे वाटून घेतलेले असेल, तरच तो परवडतो.

मग करायचा कशाला? ज्या घराला जमीन नाही, त्या घरच्या बाईला स्वतःच्या हाताने पिकवलेले चार घास मिळतात. ज्या घराला जमीन आहे, त्या घरची मुले जमिनीखाली काय चालते ते डोळ्यांनी पाहतात. आणि बेणे, भर, पाणी यांत चूक झालीच, तर ती पोत्यात होते, एकरात होत नाही.

तेव्हा यंदा एकदम दहा पोती भरू नका. दोनच भरा. दिवाळीचा फराळ करून झाला, की एक दुपार त्यासाठी काढा. आमच्या आत्याबाई आता दसरा झाला, की स्वतःच पोती धुऊन कुंपणावर वाळत घालतात. आणि भर द्यायची वेळ आली, की घमेले घेऊन माझ्याआधी अंगणात उभ्या असतात.